वाचकांचे प्रश्न : एस्पान्योला बेटावरचा एक दिवस

प्रश्न : मॅडम, मुलगा अमेरिकेत असतो. येत्या जूनमध्ये तो आम्हा दोघांना गॅलापागोस बेटांच्या क्रूझवर नेणार म्हणतोय. मी नुकतीच सत्तरी ओलांडली, हिचे गुडघे दुखतात आणि आम्ही शाकाहारी आहोत. फोटोत दिसतात तितके प्राणी खरंच जवळ असतात का? की सफारीसारखं दिवसभर हिंडायचं आणि लांबून एखादा दिसला तर दिसला? एका दिवसात नेमकं काय होतं ते सविस्तर सांगाल का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : जरूर जा, आणि वहिनींना घेऊनच जा. मी लेकीबरोबर गेले तेव्हाही जूनच होता. सगळ्या बेटांबद्दल लिहायला बसले तर हा अंक पुरायचा नाही, म्हणून एकाच बेटावरचा एक दिवस सांगते. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण हजार किलोमीटर पश्चिमेला हा बेटांचा समूह आहे आणि त्याच्या आग्नेय टोकाला एस्पान्योला नावाचं सपाट, कोरडं बेट आहे. तिथे माणसांची वस्ती नाही. मुलाला सांगा, मार्ग निवडताना एस्पान्योला आहे ना ते आधी पाहा. जूनमध्ये तर ते चुकवूच नका. कारण पुढे येईलच.

जहाज रात्री चालतं आणि पहाटे नांगर टाकतं. सकाळी डेकवर आलात की बेट समोर असतं. नाश्ता लवकर उरकून लाइफ जॅकेट घालायचं आणि रबरी होडीत बसायचं. तिला तिथे पांगा म्हणतात. वहिनींना एक सांगून ठेवा : होडीत चढता-उतरताना खलाशाचा पंजा धरायचा नाही. एकमेकांचं मनगट धरायचं, म्हणजे हात सुटत नाही. खलाशी दोन्ही बाजूंनी आधार देतात, घाई करत नाहीत. किनाऱ्यावर उतरणं दोन प्रकारचं असतं. कधी खडकावर किंवा पायऱ्यांवर, म्हणजे बूट कोरडे राहतात. कधी गुडघाभर पाण्यात पाय टाकून वाळूवर यायचं. कोणतं ते आदल्या संध्याकाळीच सांगतात.

एस्पान्योलावर सकाळी पुंता सुआरेझ या टोकाला उतरतात. आम्ही पोहोचलो तर उतरायच्या जागेवरच एक समुद्रसिंहाची मादी पिल्लाला पाजत पडलेली. वाटाड्यानं होडी थांबवली. तिचं आटोपून ती सावकाश बाजूला सरकली, मग आम्ही उतरलो. मला फार आवडलं ते. दिवसभर असंच चालतं, आधी त्यांचं, मग आपलं.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. हो, प्राणी खरोखर इतके जवळ असतात. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे की माणसानं प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, आणि हा नियम पाळताना दमछाक आपलीच होते, कारण वाटेवर पक्षी घरटी करून बसलेले असतात. काळ्या खडकावर समुद्री इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, एकमेकांच्या अंगावर ढिगानं पडलेले असतात. एस्पान्योलावरच्या इग्वानांच्या अंगावर लाल-हिरवा रंग असतो, तो डिसेंबर-जानेवारीत विणीच्या काळात सगळ्यात खुलतो. जूनमध्ये तेवढा नसतो, पण लालसर झाक दिसते. इथला मॉकिंगबर्ड पक्षी तर थेट बुटाशी येऊन लेस ओढतो. बेटावर गोडं पाणी फार कमी, म्हणून तो बाटलीवर चोच मारतो. पाण्याचा एक थेंबही द्यायचा नाही. वाईट वाटतं, तरी द्यायचा नाही.

हे प्राणी आपल्याला का घाबरत नाहीत, असं लोक मला नेहमी विचारतात. ते माणसाळलेले नाहीत. लाखो वर्षं या बेटांवर वाघ-लांडग्यासारखा जमिनीवरचा मोठा शिकारी पोहोचलाच नाही. माणसाच्या येण्याची पहिली नोंद १५३५ची, पनामाच्या बिशपचं जहाज भरकटून इथे लागलं तेव्हाची. नंतर चाचे आले, देवमाशांची शिकार करणारे आले, आणि याच निर्भयपणाचा फायदा घेऊन त्यांनी कासवं जिवंत उचलून जहाजांत भरली, कारण कासव अन्नपाण्यावाचून महिनोन्महिने जगतं. १९५९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आज बेटांच्या सुमारे ९७ टक्के जमिनीवर उद्यान आहे, तिथे बहुतेक ठिकाणी अधिकृत वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि एका वाटाड्यामागे जास्तीत जास्त सोळा पर्यटक असतात. म्हणून दोन मीटरचा नियम जाच वाटू देऊ नका. आपण पाहतो तो निर्भयपणा त्या नियमानंच टिकवलाय.

पुढे निळ्या पायांचे बूबी हे समुद्रपक्षी भेटतात. नर एक पाय उचलतो, मादीला दाखवतो, मग दुसरा उचलतो, मग पंख पसरून चोच आभाळाकडे करून शीळ घालतो. मादी घोगऱ्या आवाजात उत्तर देते. हे पाहून माणसं हसतात. मीही पहिल्यांदा हसले, पण त्या निळ्या रंगामागचं शास्त्र कळलं की पाहण्याची तऱ्हाच बदलते. ताज्या माशांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यांमुळे पाय चमकदार निळे राहतात आणि दोन दिवस नीट खायला मिळालं नाही तरी रंग फिका पडू लागतो. म्हणजे नर पाय दाखवतो तेव्हा, मला मासे मिळतायत, हेच तो सांगत असतो. तेवढी एक जोडी निवडा आणि पंधरा मिनिटं तिच्यासमोर उभे राहा. बाकीचे पुढे गेले तर जाऊ देत. वाटाड्या गट फार लांब जाऊ देत नाही. यादीतली नावं खोडत पळण्यापेक्षा एका जोडीचा नाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलात तर ती सकाळ कायम लक्षात राहील.

शेजारीच नाझ्का बूबी असतात, पांढरेशुभ्र. ते बहुधा दोन अंडी घालतात. दोन्ही उबली तर आधी जन्मलेलं पिल्लू दुसऱ्याला घरट्याबाहेर ढकलतं, आणि आईबाप बाहेर पडलेल्याला परत घेत नाहीत. आमच्या गटातली एक बाई ते पाहून रडायला लागली, पिल्लू उचलून आत ठेवा म्हणाली. वाटाड्यानं हात जोडून नाही म्हटलं. दुसरं अंडं म्हणजे पहिलं उबलं नाही तर असलेली तजवीज, इतकंच. पाहायला जड जातं. वहिनींना आधी सांगून ठेवा.

आता जूनचं कारण. वेव्ह्ड अल्बाट्रॉस हा पक्षी जवळजवळ सगळाच्या सगळा या एका बेटावर घरटी करतो. मार्च-एप्रिलमध्ये येतो, डिसेंबरपर्यंत जातो. उरलेले महिने बेट त्याच्यावाचून असतं. पंखांचा विस्तार सव्वादोन मीटरच्या पुढे आणि वजन तीन-चार किलो. जोडीदार एकमेकांसमोर उभे राहून चोचीवर चोच आपटतात, चोच आभाळाकडे करतात, चोच उघडून थांबतात, डोलत चालतात, आणि हे सगळं ठरलेल्या क्रमानं पुन्हा पुन्हा. वर्षातला बराच काळ दोघं समुद्रावर वेगवेगळे असतात आणि विणीसाठी इथे येऊन एकमेकांना शोधतात. जूनमध्ये बरेचसे अंड्यावर बसलेले दिसतील. अंडं एकच. घरटं म्हणावं असं काही नसतं, आणि कधी कधी पक्षी पायांत धरून अंडं ढकलत चालतो, चाळीस मीटरपर्यंतसुद्धा.

बेटाच्या दक्षिणेला कडा आहे. अल्बाट्रॉसला जागेवरून उडता येत नाही, म्हणून तो डुलत डुलत कड्याच्या टोकापर्यंत चालत येतो, पंख उघडतो आणि वाऱ्यात झोकून देतो. चालताना इतका अवघडलेला पक्षी हवेत गेल्यावर पंख न हलवता समुद्रावरून निघून जातो. त्या कड्याशी एक बसायची जागा आहे. वहिनींनी तिथे बसावं आणि इतरांनी हवं तर खालच्या खडकातून उसळणारा पाण्याचा फवारा पाहावा.

गुडघ्यांचं म्हणाल तर ही वाट साधारण दोन किलोमीटरची आहे, पण मोठ्या गोल धोंड्यांवरून जाते. रबरी टोकाची काठी न्या, घोट्यापर्यंतचे बूट न्या आणि घरून निघायच्या आधी तीन महिने सिद्धेश्वर तलावाभोवती रोज फेऱ्या मारा. अगदीच जमत नसेल तर होडीतून कड्याखाली फेरी मिळेल का ते आधी विचारा.

दुपारी जेवून जहाज बेटाच्या दुसऱ्या बाजूला गार्डनर उपसागरात जातं. इथे चढउतार नाही. पांढरी वाळू, आणि तिच्यावर समुद्रसिंह पसरलेले. पोहता येत असेल तर स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, लावून पाण्यात उतरा, पिल्लं भोवती गोल फिरतात. पाणी जूनमध्ये गार असतं, दक्षिणेकडून हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह येतो म्हणून. वेटसूट जहाजावर मिळतो. पोहायचं नसेल तर वाळूत बसा. एखादं पिल्लू तुमच्याकडे सरपटत येईल. हात मागे घ्या, स्वतः मागे सरका. आई पिल्लाला आवाजानं आणि वासानं ओळखते, आपला वास त्याला लागू नये.

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची माहिती देतात. त्या बैठकीत आम्हाला एस्पान्योलाच्या कासवांची कहाणी ऐकायला मिळाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणसांनी कासवं नेली, मग सोडलेल्या बकऱ्यांनी गवत-निवडुंग संपवले. १९६०च्या दशकात आणि पुढे शोधून शोधून इथे फक्त चौदा कासवं सापडली, बारा माद्या आणि दोन नर. त्यांना सांताक्रूझ बेटावरच्या केंद्रात नेलं. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात याच जातीचा एक नर होता, तो १९७०च्या दशकात परत आणला. त्याचं नाव दिएगो. बकऱ्या हटवल्या, पिल्लं वाढवून सोडत गेले, जवळजवळ दोन हजार. आणि जून २०२०मध्ये ती म्हातारी पंधरा कासवं एस्पान्योलावर परत सोडली, दिएगोसकट. पिंटा बेटाच्या बाबतीत हे जमलं नाही. तिथलं शेवटचं कासव, लोनसम जॉर्ज, २०१२मध्ये गेलं. माझं अर्धं आयुष्य वर्गात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेलं, तरी त्या रात्री मला झोप आली नाही. डेकवर जाऊन उभी राहिले तर जहाजाच्या दिव्यांच्या उजेडात पांढरे पक्षी सोबत उडत होते. दुभंगल्या शेपटीचे कुरव. रात्री शिकार करणारा हा जगातला एकमेव कुरव पक्षी आहे.

आता व्यवहाराचं. इक्वेडोरच्या व्हिसाची चौकशी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासात वेळेवर करा. उद्यानाचं प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर झालंय, ते क्रूझच्या रकमेत धरलंय का ते मुलाला विचारायला सांगा. इक्वेडोरहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. ही लस साठीच्या पुढच्यांना देताना जास्त काळजी घ्यावी लागते, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, मगच लसीकरण केंद्रात जा. लस किमान दहा दिवस आधी हवी. जेवणाची काळजी नको, आधी कळवलं की भात, घेवडा, तळलेली कच्ची केळी, बटाटा-चीजचं सूप असं सगळं मिळतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र इक्वेडोरच्या राजधानीपर्यंत, किटोपर्यंत, संपवा. बेटांकडे जाणाऱ्या विमानात बसण्याआधी सामान तपासतात, फळं, बिया, रोपं काही चालत नाही, आणि तसंच असायला हवं. एक बी तिथे रुजली तर ती काढायला वर्षं लागतात. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात.

खर्च वसूल होतो का, ते मी सांगू शकत नाही, तुमची मिळकत मला माहीत नाही. पण वर्षानुवर्षं साठवून मी ते पैसे घातले आणि पुन्हा घालीन.

प्रश्न : मी सातवीत आहे. टीव्हीवर पाहिलं की समुद्री इग्वाना नाकातून पाणी उडवतो. त्याला सर्दी होते का?
– एक विद्यार्थी, अक्कलकोट

उत्तर : सर्दी नाही रे. तो मीठ बाहेर टाकतो. समुद्रातलं शेवाळ खाणारा हा जगातला एकच सरडा. शेवाळाबरोबर खूप खारं पाणी पोटात जातं. तेवढं मीठ रक्तात राहिलं तर तो मरेल, म्हणून त्याच्या नाकाजवळ ग्रंथी असतात, त्या मीठ वेगळं करतात आणि तो शिंकून ते उडवतो. वाळलं की डोक्यावर पांढरा थर दिसतो. मोठे नर खोल बुडी मारतात, लहान इग्वाना ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरच चरतात. थंड पाण्यातून आले की अंग गार पडलेलं असतं, म्हणून तासन्तास ऊन खात पडतात. आणि हे नीट वाच : एल निन्योच्या वर्षी पाणी तापतं, शेवाळ मरतं, तेव्हा त्यांची लांबी कमी होते. नुसते रोड होत नाहीत, हाडांसकट आखूड होतात, कधी कधी वीस टक्क्यांपर्यंत. खायला मिळू लागलं की पुन्हा वाढतात. तुझ्या विज्ञानाच्या बाईंना हे विचार, वर्गात सगळ्यांना सांगतील.

प्रश्न : गॅलापागोससाठी किती मोठी लेन्स लागेल?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : जमिनीवर फार मोठी लागत नाही. शंभर ते चारशे मिलिमीटरची झूम पुष्कळ झाली, मोबाइलवरसुद्धा बूबीचे चांगले फोटो येतात. फ्लॅशला बंदी आहे आणि ड्रोनलाही. त्यापेक्षा आठ बाय बेचाळीसची दुर्बीण न्या, अल्बाट्रॉस समुद्रावर दूर जाईपर्यंत पाहता येईल.

प्रश्न : तुमच्या लेखांतून परदेशातलं वाचायला आवडतं, पण आम्हा यंत्रमागावर काम करणाऱ्यांना तिकडे जाणं शक्य नाही. मुलांना घेऊन सोलापूरच्या आसपास असा एखादा दिवस घालवता येईल का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : नक्की येईल, आणि तुमचं पत्र आलं म्हणून मला आनंद झाला. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे, माळढोक अभयारण्य, १९७९ साली झालेलं. उजाडायच्या आत पोहोचा. वनखात्याच्या माणसांना भेटून परवानगी घ्या आणि ते सांगतील तिथेच थांबा. काळविटांचे कळप दिसतील, नर मान मागे टाकून मिरवताना दिसतील. खोकड दिसेल, नशीब असेल तर लांडगाही. चंडोल गात वर चढतात. धाविक नावाचा पक्षी थोडं पळून थबकतो, त्याच्यावर मुलांचं लक्ष वेधा.

माळढोक दिसेल असं मी सांगणार नाही. माझ्या तरुणपणी तो इथे दिसायचा. आता महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच, उरलेले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं, कारण वर ज्या अल्बाट्रॉसबद्दल लिहिलं त्याची आणि याची गोष्ट सारखी आहे. दोघंही बहुतेक वेळा एकच अंडं घालतात. अशा पक्ष्यांची जात टिकते ती मोठे पक्षी दीर्घकाळ जगले तरच. अल्बाट्रॉस पेरूच्या किनाऱ्याजवळ मासेमारीच्या गळांत आणि जाळ्यांत अडकून मरतो. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत जड, त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि विजेच्या तारा चुकवताना तेवढ्या वेगानं वळता येत नाही. तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२१मध्ये त्यावर आदेशही झाला. पण माळ नांगरून गेला तो गेलाच. मुलांना हे सगळं तिथेच, माळावर उभं राहून सांगा. ती विचारतील की आपण काय करायचं. गुरं चारायला आत घालू नये, वाटेवर प्लॅस्टिक टाकू नये, गावातली मोकाट कुत्री आवरावीत, एवढं तरी त्यांच्या हातात आहे. खोकडाला आणि धाविकाच्या अंड्यांना कुत्र्यांचा मोठा त्रास आहे.

इथे दोन मीटरचा नियम चालत नाही. आपल्या माळावरच्या प्राण्यांनी शिकारी, बंदुका, मोटारी सगळं पाहिलंय. काळविटानं मान वर करून तुमच्याकडे पाहिलं की तिथेच थांबायचं, पुढे पाऊल टाकायचं नाही. तेवढ्याच अंतरावरून दुर्बीण लावा.

दुसरा दिवस मिळाला तर हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटावर जा, भिगवणच्या बाजूला कोळी बांधव होडीतून नेतात. तिथे रोहित पक्षी असतात, म्हणजे फ्लेमिंगो. थोडा वेगळा, जास्त गडद रंगाचा फ्लेमिंगो गॅलापागोसमध्येही आहे, फ्लोरेआना बेटावरच्या खाऱ्या तळ्यात. होडीवाल्याला बसण्याआधीच सांगा की पक्षी उडवायचे नाहीत. पर्यटकांना उडतानाचा फोटो हवा असतो म्हणून काही जण थव्याच्या मध्ये होडी घालतात. पक्षी खाणं सोडून उठतात आणि दिवसातून अनेकदा उठतात. लांबूनच इंजिन बंद करायला लावा, वल्ह्यानं हळू न्यायला सांगा आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे द्या. होडीवाल्यांना पोट आहे, आपण मागू तेच ते करतात. मुलांना रोहित डोकं उलटं करून चोचीनं पाणी गाळतो ते दाखवा, मग ती उडवा म्हणणार नाहीत.